सातच्या भोंग्यानंतर

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पहिल्यांदा मी पाहिलं. हे मी कोणालाही सांगतो आणि सांगताना मला बरं वाटतं. गावापासून तालुक्याच्या गोरेगावपर्यंत सायकल, पुढे एसटीने गोंदिया, असं करून बी.एस्सी. झालो. आता गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये आहे. आलेल्या धानाची ओल बघायची, दाणा बघायचा, माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. राहतो गावातच, रोज मोटरसायकलने जाणं-येणं. गावात कोणाचं बँकेत अडलं, कोणाच्या पोरीला फॉर्म भरायचा असला, की लोक माझ्याकडे येतात. ग्रामसभेत मी उभा राहिलो की मागचे लोक बोलणं थांबवतात. याचाही मला अभिमान आहे. नाही असं कशाला म्हणू?

मला एकच भाऊ, धाकटा. मी कॉलेजात असताना आमच्या बाबांची कंबर गेली आणि शेतात माणूस कमी पडला. तेव्हा भाऊ दहावी होऊन घरी बसला. मी डिग्री घेतली, त्याने नांगर घेतला. पुढे त्याचं लग्न झालं, पोरगी झाली, आणि दोन घरांना शेती पुरेना म्हणून तो हैदराबादकडे एका कंपनीत लागला. कायम रात्रपाळी. रात्रपाळीचे चार पैसे जास्त मिळतात म्हणून त्याने ती मागूनच घेतली होती. त्याची बायको आणि पोरगी इथे आमच्याबरोबर राहतात. एक अंगण, एक चूल.

आमच्याकडे एक रीत आहे, ती इथेच सांगून टाकतो. धाकट्या भावाच्या बायकोने नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, समोरासमोर बोलायचं नाही. मी अंगणात आलो की ती डोक्यावर पदर घेऊन आत जाते. मला काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला सांगते, नाहीतर पोरीला पुढे करते. "मोठ्या बाबाले सांग, पाणी तापलं." आणि मी शेजारीच उभा. मी तिला कधी म्हटलं नाही की असं करत जाऊ नको. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं, मीही चालू दिलं. शिकलेल्या माणसाने हे बदलायला पाहिजे होतं असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

आता मोबाईलचं. माझा मुलगा तेव्हा नववीत होता आणि त्याला बंदुकांच्या गेमचं वेड लागलं होतं. कानात वायर, डोळे बारीक, आणि दिवसभर तोंडात "मार मार, पीछे है, पीछे है." आईने जेवायला बोलावलं तर तिच्यावर खेकसायचा. एकदा मी मोबाईल ओढून घेतला तर त्याने भिंतीवर डोकं आपटलं. हळू आपटलं, मला दिसावं एवढंच, पण आपटलं. बाकीच्या घरांतही तेच होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेट चांगलं मिळतं म्हणून संध्याकाळी पोरं तिथे ओळीने बसायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही. शेतावरून येणारे म्हातारे थांबून बघायचे आणि म्हणायचे, "का गा, हे पोट्टे जिवंत आहेत नं?"

मग मी ग्रामसभेत उठलो. म्हटलं, आपण भोंगा वाजवू. संध्याकाळी सातला एक, साडेआठला एक. मधल्या वेळात गावातल्या कोणत्याच घरात मोबाईल नाही, टीव्ही नाही. पोरं अभ्यास करतील, मोठे लोक पोरांजवळ बसतील. मोठ्यांनीही मोबाईल बाजूला ठेवायचा, नाहीतर पोरं ऐकणार नाहीत. हे सगळं मी नीट मांडलं. एकाने विचारलं, "अन् म्हैस आजारी पडली, डॉक्टरले फोन लावाचा असला तं?" मी म्हटलं, "म्हशीसाठी सूट." सगळे हसले आणि हात वर झाले.

म्हशीला सूट दिली. दुसऱ्या कोणाला लागते का, हे विचारायचं सुचलं नाही.

माझी पुतणी तेव्हा चौथीत होती. बोलायला कमी. मोठ्यांमध्ये आली तर खांबाला टेकून उभी राहायची, विचारलं तेवढंच सांगायची. पण रोज संध्याकाळी ती तिच्या आईचा मोबाईल घेऊन कोठीत, धानाच्या पोत्यांजवळ बसायची. कानात वायर, पुढ्यात लुडो. आणि तिथून तिचं हसणं यायचं. मोठमोठ्याने भांडायची, "लबाड, लबाड, मी पायलं," म्हणून ओरडायची. मी येता-जाता बघायचो आणि मनात म्हणायचो, ही पण गेली. माणसांशी तोंड उघडत नाही आणि मशीनशी भांडते. माझ्या मुलाला आणि तिला मी एकाच रकान्यात धरलं होतं.

पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी अंगणात उभाच होतो. माझ्या मुलाने कपाळाला आठ्या घालून मोबाईल दिला. बायकोने दिला, मी माझा काढून ठेवला. पुतणी कोठीतून बाहेर आली, मोबाईल तिच्या हातात, स्क्रीनवर खेळ चालूच. दाराच्या आडून तिच्या आईचा आवाज आला, "मोठ्या बाबाले सांग, हा डाव होऊ द्या म्हणा."

पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठे बाबा, आई म्हणते हा डाव होऊ द्या."

मी म्हटलं, "डावाले काही शेवट नसते माय. एक झाला की दुसरा. आण इकडे."

तिने एकदा दाराकडे बघितलं. मग कानातली वायर काढली आणि मोबाईल माझ्या हातावर ठेवला. मी तो तसाच बंद केला. माझ्या भावाच्या बायकोने आजपर्यंत माझ्याकडे जे काही मागितलं असेल, त्यात एवढ्या एकालाच मी नाही म्हटलं. आणि त्यावर मी हसलोसुद्धा, म्हटलं, आईच लाडावून ठेवते.

नियम चालला. हे मी खोटं सांगत नाही, खरंच चालला. पहिले काही दिवस पोरं चिडली, मग ओट्यावरून उठून शाळेच्या मैदानात कबड्डी खेळू लागली. माझ्या मुलाचा चेहरा बदलला. तो जेवताना बोलू लागला, शाळेत कोणत्या सरांनी कोणाला काय म्हटलं ते सांगू लागला. शेजारच्या गावातले लोक बघायला आले. गोरेगावच्या एका शाळेत मला बोलावलं, मी भाषण दिलं, गळ्यात हार पडला. भाषणात मी म्हटलं की माझ्याच घरातून मी सुरुवात केली. माझी पुतणी आधी मोबाईलशिवाय राहत नव्हती, आज ती भोंगा व्हायच्या आधी वही काढते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ती खरंच वही काढायची. सांगितलेलं ऐकणारी पोरगी. अक्षर सुधारलं, पाढे पाठ झाले. दुसरं एखादं लेकरू मोबाईल घेऊन दिसलं तर ती त्याला बोट दाखवून सांगायची, "सात वाजले." मी तिला जवळ बोलावून पाठ थोपटायचो. कोठीतून येणारं हसणं बंद झालं होतं, पण ते बंद झाल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. शांत घर मला चांगलंच वाटत होतं.

भाऊ सकाळी फोन करायचा. पाळी संपवून खोलीवर आला की, पोरीची वेणी घालून होईपर्यंत. फोन कट्ट्यावर ठेवलेला, आवाज मोठा, त्यामुळे मला ऐकू यायचं.

"उठली का?"

"हव."

"चहा झाला?"

"हव."

"अभ्यास करून राहिली नं?"

"हव."

"बरं. आईले दे."

मला वाटायचं, बाप-लेकीचं बोलणं असंच असतं. आमचे बाबा तरी माझ्याशी दुसरं काय बोलले होते?

दिवाळीनंतर आमच्या गावाची मंडई भरते. मंडई म्हणजे गावजत्रा, पण मुख्य काम पाहुण्यांचं. लेकी, जावई, सोयरे सगळे येतात, घराघरात जेवणं होतात. भाऊ त्या मंडईला सुट्टी काढून आला. धान कापणीला आलं होतं, तेही हात लावून जाईन म्हणाला. पोरीला फ्रॉक, सँडल, रंगाची पेटी, पिशवीभर सामान आणलं होतं. पोरीने सगळं नीट घेतलं, नीट ठेवलं, आणि खांबाला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी अंगणात पाच-सात माणसं बसली होती. भाऊ जमिनीवर बसला, मोबाईल काढला आणि पोरीकडे बघून भुवया उडवल्या. "या मॅडम. आज तुमची गोटी घरात नाही शिरू देत मी."

पोरीचे डोळे एकदम मोठे झाले. मला ते दिसलं. एक पाऊल तिने पुढे टाकलं. आणि तेवढ्यात भोंगा झाला.

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. म्हणाली, "आता नाही. सात वाजले."

अंगणातली माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "वाह गा, बापालेही सोडत नाही." मी म्हटलं, "खेळ माय, आज बाबा आला आहे, आज चालते."

ती म्हणाली, "नियम आहे नं, मोठे बाबा." आणि वही आणायला आत गेली.

सगळ्यांत मोठ्याने माझा भाऊ हसला. हसत हसत मोबाईल खिशात टाकला. मीही हसलो, आणि मला त्या पोरीचा अभिमान वाटला. आता लिहितानाही तो अभिमान मला तसाच आठवतो, आणि मान वर करवत नाही.

पाहुणे गेल्यावर माझी बायको भांडी आवरत होती. मी म्हटलं, "पाहिलं? कशी तयार झाली पोरगी."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुमाले खरंच मालूम नाही का, ते पोरगी कोनासंग खेळे?"

"कोणासंग म्हणजे?"

"बापासंग. अजून कोनासंग? दिवसा तो झोपे, मंग सयपाक करे, अन् सातले कंपनीच्या गाडीची वाट पाहत खोलीवर बसे. गेटवर मोबाईल जमा करा लागते, मंग सकाळपर्यंत भेटत नाही. तेवढाच टाइम होता दोघायले. तिकडून तो खेळे, इकडून हे खेळे, अन् कानात बोलनं चाले."

मी म्हटलं, "मग मला काऊन नाही सांगितलं कोणी?"

"कोन सांगन? ते बिचारी भासऱ्यापुढं तोंड उघडन का? सांगतलं तं होतं तिनं, पोरीच्या तोंडून. डाव होऊ द्या म्हणे. तुमी काय म्हटलं?"

"तू सांगायचं होतं."

"मी?" ती म्हणाली. "तुमच्या गळ्यात हार, तुमाले भाषणं. मी सांगतलं असतं तं म्हटलं असतं, तूही त्यायचीच बाजू घे. अन् तुमचं पोरगं सुधरून राहिलं होतं. मलेही वाटलं, जाऊ दे. चुकी माहीपन आहे."

दुसऱ्या दिवशी मी मिलला गेलो नाही. भावासोबत कापणीला गेलो. विळा धरून मला वर्षं झाली होती, थोड्याच वेळात मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसलो. भाऊ पाणी प्यायला आला. मी सरळ विचारलं, "तू मले फोन करून काऊन नाही सांगितलं?"

"काय सांगू?"

"की पोरीसंग खेळतो म्हणून."

त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली, पुसली, झाकण लावलं. "भाऊ, अख्ख्या गावाले तू सांगून राहिला का पोट्टे गेमनं बिघडले. अन् मी म्हणू का माह्या पोरीले गेम खेळू दे? लोक काय म्हणतीन? याचाच भाऊ उलटा."

"तरी."

"अन् तू शिकलेला माणूस. म्हटलं, भाऊ करून राहिला तं बरोबरच असन." हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच तसं समजून बोलला.

मग बाटली खाली ठेवून तो म्हणाला, "तिले समोरून काही बोलता येत नाही गा. मलेबी नाही येत. काय जेवली, काय शिकली, झालं, खतम. पन गोटी चालवता चालवता ते सारं सांगे. कोनत्या पोरीनं चिमटा काढला, मॅडम कोनावर रागावल्या, आई रडली का नाही रडली. मी तिची गोटी मारली का मले शिव्या दे. मले लय मजा ये." तो हसला. "पुरी रात मशीनसमोर उभा राहून तेच आठवत राहो."

तो विळा घेऊन उठला आणि परत ओळीला लागला. मी धुऱ्यावर बसून त्याची पाठ बघत राहिलो.

जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं मी केलं. ग्रामसभेत पुन्हा उठलो आणि म्हटलं की ज्यांच्या घरचा माणूस बाहेरगावी आहे त्यांना फोनची सूट द्या, खेळाचीही द्या. एक जण मागून म्हणाला, "आता स्वतःच्या घरचं आलं तं नियम बदलला काय?" त्याचंही बरोबर होतं. मी म्हटलं, "हो, माझ्या घरचं आलं म्हणूनच कळलं." गावात आणखीही बाप बाहेर होते. कोणाचा नागपूरला, कोणाचा रायपूरला. त्या घरांतही सातला काहीतरी होत असेल, आणि त्या बायकाही माझ्याशी बोलत नव्हत्या. सूट मंजूर झाली. घरी मी माझ्या भावाच्या बायकोला, दाराकडे तोंड करून पण थेट तिलाच उद्देशून म्हटलं, "माझं चुकलं. आता सातला पोरीकडे फोन देत जा. आणि मला काही सांगायचं असलं तर मलाच सांग." आतून एकच शब्द आला, "हव." तो मात्र तिने पोरीकरवी पाठवला नाही.

पण पोरीचं तसं झालं नाही. भाऊ परत गेल्यावर तिने मोबाईल घेतला, कोठीत बसली. मी मुद्दाम अंगणात रेंगाळलो. आतून फक्त फाशाचा आवाज येत होता. काही दिवस ती अशी खेळली, गृहपाठ करावा तशी, शेवटपर्यंत. एकदा मला ऐकू आलं, ती म्हणाली, "बाबा, तू मुद्दाम हरून राहिला." पलीकडून तो काय म्हणाला कोण जाणे. ती म्हणाली, "नाही, मले मालूम आहे." थोड्या वेळाने बाहेर आली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. माझ्या. सवयीने.

मी म्हटलं, "झाला डाव?"

"नाही. पन उद्या पेपर आहे."

त्यानंतर ती आपणहून खेळायला बसली नाही. आता ती सहावीत आहे, वर्गात पहिली येते. मोबाईलला हात लावत नाही, बाकीच्यांच्या आया तिचं उदाहरण देतात. संध्याकाळी बापाचा फोन आला तर घेते, विचारलेल्याची उत्तरं देते, आईकडे देते. पोरं मोठी होतातच, बोलणं कमी होतंच, असं बायको म्हणते. कदाचित बरोबर असेल. माझ्या मुलासाठी मी जे केलं ते मी पुन्हाही करीन, त्याच्या हातून ती बंदूक काढायलाच पाहिजे होती. पण आज कोणी मला विचारलं की पोरांच्या मोबाईलचं काय करू, तर मी पहिल्यांदा वेळेचं बोलत नाही. मी म्हणतो, आधी पोराच्या शेजारी जाऊन बस, एक वायर आपल्या कानात घाल आणि पलीकडे कोण आहे ते ऐक. माझ्या घरात मी एवढं केलं असतं तर मला माझ्याच भावाचा आवाज आला असता.

मागच्या आठवड्यात तिचा निकाल लागला. मीच भावाला फोन लावला, तो गाडीची वाट बघत बसला होता. गुण सांगितले. तो खूश झाला, शेजारच्याला ओरडून सांगितलं, तेही मला ऐकू आलं. मी म्हटलं, "थांब, तिले देतो." पोरगी आली, फोन घेतला. "हव. हव. पहिला. हव, जेवली." आणि फोन मला परत दिला.

फोन कानाला लावून मी अंगणाच्या कडेला गेलो. म्हटलं, "अरे, तुटक बोलते, पण तिच्या मनात काही नसते. लहान आहे अजून." मलाच कळेना मी काय सांगतो आहे.

तो म्हणाला, "राहू दे नं भाऊ. पोरगी हुशार निघाली, तुह्यासारखी. अजून काय पायजे?"

गाडी आली म्हणून त्याने फोन ठेवला.